गोदाबाईच्या गाठोड्यातल्या पांढऱ्या साड्या

फाटकी साडी चालेल, डाग पडलेली चालेल, विटलेली तर उत्तमच, असं म्हणणारं गिऱ्हाईक गोदाबाईला जन्मात भेटलं नव्हतं. त्यामुळे दीपाली नावाची ती मुलगी जुन्या बाजारात तिच्यासमोर उकिडवी बसली आणि ढिगातल्या सगळ्यात जीर्ण सुती साड्या निवडून बाजूला काढायला लागली, तेव्हा गोदाबाईनं आधी तिच्या हातांकडं पाहिलं, मग चपलांकडं, आणि हळूच ढीग आपल्याकडं ओढून घेतला.

"फाटक्या हायेत त्या," ती म्हणाली.

"हो, तशाच हव्यात. फक्त कॉटन पाहिजे. पॉलिस्टर अजिबात नको."

"कशाला?"

"त्यांच्यावर छापायचंय. लाकडी ठशांनी. जिथं भोक असेल तिथं ठिगळ, ठिगळावर बुट्टी. मग त्याची जॅकेटं शिवायची."

गोदाबाईला हे पटलं नाही. जरीच्या साड्या जाळून त्यातली चांदी काढणारी माणसं तिनं पाहिली होती. पण जरीचं सोडाच, या साड्यांना धड काठही उरले नव्हते. मग ही पोरगी यातून नेते काय? तिनं साड्या दिल्या, पण देताना प्रत्येक साडी पुन्हा उलगडून, झटकून, घड्यांमध्ये काही राहून गेलं नाही ना ते बघून दिली. घरी गेल्यावरही रात्रीपर्यंत तिला वाटत राहिलं की आपण कशात तरी फसलो.

हा स्वभाव तिचा एकटीचा नव्हता, धंद्याचाच होता. गोदाबाई बोहारीण. एका हातात स्टीलच्या भांड्यांची पिशवी, पाठीवर जुन्या कपड्यांचं गाठोडं. पूर्वी डोक्यावर पाटी असायची, ती मान धरायला लागल्यावर सुटली. लग्न होऊन कात्रजला आली तेव्हा सासूनं तिला पहिल्या दिवशी स्वयंपाक शिकवला नाही, साडी उन्हात धरून बघायला शिकवली. ऊन आरपार आलं की साडी संपली. तेव्हापासून बायका तिच्याकडं संशयानं बघत आल्या आणि ती बायकांकडं. भांडं पातळ आहे म्हणून त्या बोटांनी वाजवून बघत. साडी आतून विरलीय म्हणून ही घड्या मोडून बघे. पेठेतली एक आजी तर दरवर्षी वाटी डोळ्यांपुढं धरून म्हणायची, "तीन साड्यांवर एवढीशी वाटी? यात काय, डोळ्यांतलं पाणी धरायचं का?" आणि तरी दरवर्षी हाक मारायची.

कोथरूडला एकदा एका बाईची अंगठी हरवली, तेव्हा गोदाबाईचं गाठोडं चारचौघांदेखत जिन्यात सोडून बघितलं होतं. एकेक परकर, एकेक टॉवेल झटकला. अंगठी पुढं बाथरूममध्ये साबणाच्या खालीच सापडली म्हणे. ते सांगायला त्या घरातलं कोणी आलं नाही, त्यांच्या मोलकरणीकडून कळलं. त्यानंतर गोदाबाई त्या गल्लीत कधी गेली नाही. अन् एक मात्र कायमचं शिकली: कुठल्या घरातून काय आलं हे दुसऱ्या घरी बोलायचं नाही. लोक जुने कपडे देतात तेव्हा त्यांच्या घरातलं बरंच काही बाहेर येतं. सासूनं जपलेलं सुनेनं दिलेलं असतं, नवऱ्याला न विचारता दिलेलं असतं, मेलेल्याचं लवकर दिलेलं असतं. बोहारणीनं तोंड उघडलं तर निम्म्या पुण्यात भांडणं लागतील.

दीपालीनं गंज पेठेत बॅनर छापायचं एक बंद पडलेलं दुकान भाड्यानं घेतलं होतं. दुकानाबरोबर चांदभाईही मिळाले. ते तिथंच तीस-एक वर्षं निवडणुकीचे झेंडे आणि कापडी बॅनर छापत होते, फ्लेक्स आलं आणि हात रिकामे झाले. त्यांचे वडील मात्र ठशांनी पासोड्या आणि जाजमं छापायचे. त्या काळचे ठसे दोन पोत्यांत भरून चांदभाईंच्या माळ्यावर होते. भिंतीवर टांगायला म्हणून ठसे मागणारे हॉटेलवाले त्यांनी दारातून परत पाठवले होते. दीपालीकडं काम धरलं तरी पहिले दोन महिने ते रोज संध्याकाळी ठसे पिशवीत घालून घरी न्यायचे.

"विश्वास नाही का माझ्यावर?" दीपालीनं एकदा विचारलं.

"तुमच्यावर आहे. दुकानाच्या कुलपावर नाही," चांदभाई म्हणाले. कुलूप दीपालीनंच आणलेलं होतं.

गोदाबाई पहिल्यांदा साड्या घेऊन तिथं गेली ती खरं काय चाललंय ते बघायला. लांबलचक टेबल, त्यावर पोत्यांची आणि जुन्या चादरींची मऊ गादी. रंग पक्का बसावा म्हणून हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली एक नऊवारी पसरलेली. चांदभाई ठसा रंगात टेकवत, साडीवर ठेवत आणि त्यावर मूठ मारत. ठप्. पुढं सरकत. ठप्. तिनं ती साडी ओळखली. शनिवार पेठेतल्या एका घरची होती, पदराला तीन ठिकाणी जळालेली. आता जळालेल्या जागी तीन लालसर फुलं होती, आणि ती तिथंच का आहेत हे कळू नये म्हणून आजूबाजूला आणखी विखुरलेली. गोदाबाई बराच वेळ बघत राहिली. साड्या खरंच छापायलाच नेतात तर! पण एक शंका गेली की दुसरी यायचीच.

ती दुसरी शंका दीपालीनंच आणली. "मावशी, ही साडी कोणाची होती? म्हणजे काही स्टोरी आहे का? मला प्रत्येक जॅकेटला टॅग लावायचाय. लोकांना कळलं पाहिजे ना, हे कापड कोणी नेसलं होतं."

"नाव-पत्ता लागतो?"

"नाव चालेल. एरिया चालेल. काहीही खरं असलेलं."

गोदाबाईच्या मनात लख्ख उजेड पडला. म्हणजे ही पोरगी घरं काढून घेणार. आज नाव, उद्या पत्ता, परवा हीच स्कूटीवर बसून दारात जाणार आणि बोहारणीचं कामच संपणार. आणि तसं नसेल तरी सांगायचं कसं? ज्याच्या घरचं कापड त्याच्या घरची अब्रू.

"एका मास्तरणीची हाय," ती म्हणाली. "नारायण पेठेतल्या. वारली आता. लई शिस्तीची बाई. पोरं थरथरायची."

दीपालीनं ते हसत लिहून घेतलं. पुढच्या खेपेला नर्सबाईची साडी आली. मग एका सुईणीची. मग तबला शिकवणाऱ्या बाईची. गोदाबाईला आधी भीती वाटली, मग सराव झाला, आणि शेवटी शेवटी, खरं सांगायचं तर, मजा यायला लागली. चालता चालता ती पुढच्या साडीची बाई मनात उभी करायची. चांदभाई मात्र ठप् ठप् करता करता ऐकत असत.

"गोदाबाई," ते एकदा दीपाली बाहेर गेल्यावर म्हणाले, "ती मास्तरीण मागच्या महिन्यात वारली होती ना? आज परत तिचीच साडी आली?"

"तिची भन," गोदाबाई म्हणाली. "ती बी मास्तरीणच."

चांदभाईंनी पुढं काही विचारलं नाही. आणि ते का विचारत नाहीत, ह्याचा गोदाबाईला चार दिवस संशय आला.

त्या पांढऱ्या साड्या आल्या विश्रांतवाडीतून. भर दुपारी एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरून हाक आली, आणि हाक पुरुषाची होती. इतक्या वर्षांत तिला पुरुषांनी हाक मारली होती ती फक्त ओरडू नको हे सांगायला. ती दबकत वर गेली. दारात सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ उभे होते, इस्त्रीचा सदरा, चष्मा. भीमराव म्हणून. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. टेबलावर पाच पांढऱ्या सुती साड्या घडी करून ठेवलेल्या.

गोदाबाई उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. "घरात बाईमानूस कुनी न्हाई?"

"सून ऑफिसला गेलीय. या माझ्या पत्नीच्या साड्या. ती गेली, दीड वर्ष झालं."

"सूनबाईला इचारलंय?"

"माझ्या बायकोच्या साड्या आहेत. मी देतोय."

"लेक हाय का?"

भीमरावांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला साड्या नको आहेत का?"

साड्या हव्या होत्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण उन्हात धरलं तरी न विरलेलं असलं सूत आता कुठं मिळतं! आणि म्हणूनच तिचा पाय मागं येत होता. चांगलं कापड, घरात एकटा पुरुष, बायकांना पत्ता नाही. उद्या कोणी म्हणालं की बोहारणीनं म्हाताऱ्याला भुलवून साड्या नेल्या, तर तिच्या बाजूनं कोण बोलणार होतं?

"फरशी पुसायला तर जाणार नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. त्येची शपथ घेते."

त्यांनी पिशवीतून फक्त एक लहानसं पातेलं उचललं, एका माणसाच्या चहापुरतं. तिनं मोठं घ्या म्हटलं, कढई दाखवली. ते नको म्हणाले. जाताना ती जिन्यात असताना ते वरून हळू आवाजात बोलले, "बाई, मुलांना हे कळता कामा नये. कोणालाच." आणि त्यांनी हात जोडले.

गोदाबाई फाटकाबाहेर पडली ती मागं वळून बघत. त्या साड्या तिनं कित्येक आठवडे पत्र्याच्या पेटीत तशाच ठेवल्या. कोणी शोधत आलंच तर जशाच्या तशा काढून देता याव्यात म्हणून. कोणी आलं नाही, तेव्हा त्या गंज पेठेत गेल्या.

"वॉव," दीपाली म्हणाली. "सगळ्या पांढऱ्या? कोणाच्या?"

गोदाबाईनं फार विचार केला नाही. "एका इधवेच्या. पेठेतली बाई. कवळ्या वयात नवरा गेला, जल्मभर पांढरंच नेसली."

दीपालीचे डोळे भरून आले. तिनं तेच लिहिलं, थोडं अधिकच सुंदर करून. पहिली साडी छापताना चांदभाईंना आतल्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं घातलेलं एक अक्षर दिसलं, 'चं'. त्यांनी विचारलं, झाकायचं का? दीपाली म्हणाली, नको, राहू द्या. त्यांनी ठसा एक बोट अलीकडं उचलला, अक्षराला वळसा घातला आणि पुढं गेले.

प्रदर्शन एरंडवण्यात होतं. दीपालीनं हट्टानं गोदाबाईला बोलावलं. "तुमच्याशिवाय हे झालंच नसतं, मावशी." गोदाबाई गेली, पण फोटो काढू दिला नाही. फोटो कुठं जाईल, कोण कशाला वापरेल. एका खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन ती बसून राहिली. बायका येत होत्या, जॅकेटं अंगाला लावून बघत होत्या, टॅग वाचून "किती गोड" म्हणत होत्या. मास्तरणीचं जॅकेट एका कॉलेजच्या मुलीनं घेतलं. गोदाबाईला वाटलं, या सगळ्या बाया आपण जन्माला घातल्या, आता गावभर फिरणार.

मग ती आली. चाळिशीची, गळ्यात खराडीच्या कंपनीचं ओळखपत्र तसंच राहिलेलं. पांढऱ्यावर लाल बुट्ट्यांचं जॅकेट तिनं सहज हातात घेतलं, अस्तराची बाजू उलटली आणि थांबली. अक्षरावरून अंगठा फिरवला. मग टॅग वाचला, दोनदा.

"हे कोणी लिहिलंय?" तिचा आवाज सगळ्या हॉलमध्ये ऐकू गेला.

दीपाली पुढं झाली. "मी. काही प्रॉब्लेम आहे का?"

"ही विधवेची साडी नाही. माझ्या आईची आहे. चंद्रभागा नाव तिचं. माझे वडील अजून आहेत! ही साडी ती बुद्धपौर्णिमेला नेसायची, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नेसायची. नागपूरला गेल्यावर सगळ्या बायकांच्या पांढऱ्या साड्या एकाच दोरीवर वाळत पडायच्या, अदलाबदल व्हायची, म्हणून हा 'चं' तिनं घातलाय. पांढरी साडी दिसली की तुम्हाला विधवाच आठवते का?"

दीपालीचा चेहरा उतरला. "सॉरी, म्हणजे... मला जसं सांगितलं गेलं..." आणि तिनं वळून खुर्चीकडं पाहिलं.

अक्षता, त्या बाईचं नाव अक्षता, सरळ गोदाबाईसमोर येऊन उभी राहिली. "तुम्हाला कोणी दिली ही? माझ्या वहिनीनं ना? सुजातानं?"

गोदाबाईला जोडलेले हात आठवले. "ध्यानात न्हाई," ती म्हणाली.

"पाच साड्या होत्या. तुम्हाला आठवत नाही?"

"लई घरं फिरते मी, ताई."

"मग दिली की उचलली?"

गोदाबाईला ह्या प्रश्नाची सवय होती. तो अंगावरून जाऊ द्यायला ती शिकली होती. पण तिनं दीपालीकडं पाहिलं, आणि दीपालीच्या डोळ्यांत क्षणभरच का होईना तोच प्रश्न दिसला. कोथरूडच्या जिन्यात परकर झटकले जात होते तेव्हाही तिला इतकं लागलं नव्हतं. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागली. मागं अक्षता फोनवर कोणाला तरी म्हणत होती, "खोटं बोलू नकोस सुजाता, तुझ्याशिवाय घरात दुसरं होतंच कोण?"

नंतर बरेच दिवस ती गंज पेठेत गेली नाही आणि दीपालीचा फोनही आला नाही. फोन आला तो चांदभाईंचा.

"गोदाबाई, ती अक्षता रोज येते. उरलेल्या साड्या मागते. तिची वहिनी रुसून माहेरी गेली म्हणे, दौंडला. भाऊ-बहीण बोलत नाहीत."

"मंग मी काय करू?"

"काही नाही. बताना था, बता दिया," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कोणाच्या घरात कोण रुसलं हे बोहारणीनं मनावर घ्यायचं नसतं. पण त्या न पाहिलेल्या सुनेचं तिला वाईट वाटायला लागलं, आणि वाईट वाटतंय म्हणून स्वतःचाच राग यायला लागला. त्यात आणखी एक शंका. तो म्हातारा गप्प का? एका शब्दानं सगळं मिटलं असतं. की त्यानंच सुनेवर ढकललं? एका दुपारी ती बस बदलत बदलत विश्रांतवाडीला गेली. वॉचमननं आत सोडलं नाही. तेव्हा तिनं रस्त्यावर उभं राहून भसाड्या आवाजात हाळी दिली, "जुन्या कपड्यावर भांडीऽऽ!" तीन वेळा.

भीमराव खाली आले. दाढी वाढलेली. तिला बघून त्यांनी पहिलंच विचारलं, "तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

"मी सांगितलं असतं तर तुमची सून म्हायेरी गेली असती का?"

ते फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले. "कपाट उघडलं की तिचा वास यायचा. मुलगी यायची, कपाट उघडून रडायची. सून म्हणायची, हात लावू नका, आईंची आठवण आहे. मला रोज त्याच खोलीत झोपायचं असायचं. वाटलं, कोणाच्या तरी अंगावर जावं ते कापड. पण हे मुलांना सांगितलं असतं तर म्हणाली असती, बाबा इतक्या लवकर विसरले."

"आनि सूनबाईला शिव्या बसल्या तवा?"

"आज सांगतो, उद्या सांगतो, असं करत राहिलो." त्यांनी मान वर केली नाही. "खातं सांभाळलं मी, तीस माणसं हाताखाली होती. घरात तोंड उघडेना."

गोदाबाईला दया आली, पण तिनं ती दाखवली नाही. "चला माझ्यासंगट," ती म्हणाली. "आत्ताच. घरी गेलासा तर परत उद्यावर जाईल."

रिक्षात दोघं दोन टोकांना बसून गंज पेठेत गेली. दीपालीनं फोन करून अक्षताला बोलावलं. भीमराव छपाईच्या टेबलापाशी उभं राहून आपल्या बायकोची दुसरी साडी बघत होते, निम्मी छापलेली, निम्मी कोरी. अक्षता आली आणि त्यांनी तिथंच, चांदभाईंच्या आणि सगळ्यांच्या देखत, सांगून टाकलं. समजूत वगैरे काही पटली नाही. अक्षता वडिलांवर ओरडली, रडली, "मला एकदा तरी विचारायचं होतं ना बाबा" असं कितीतरी वेळा म्हणाली. मग न छापलेल्या तीन साड्यांतली एक तिनं उचलून छातीशी धरली आणि बाकीच्यांचं काय करायचं ते करा म्हणाली. दारातून परत वळून दीपालीला म्हणाली, "ती विधवेची गोष्ट काढून टाका. आजच."

"काढलीय," दीपाली म्हणाली. आणि अक्षता गेल्यावर तिनं गोदाबाईला विचारलं, "बाकीच्या?"

"बाकीच्या काय?"

"ती मास्तरीण, मावशी. नर्स. तबलावाली."

चांदभाईंनी ठसा हातात घेतला आणि उगाच पुसायला लागले.

"समद्या," गोदाबाई म्हणाली.

दीपाली स्टुलावर बसली. तिच्या वेबसाइटवर त्या गोष्टी होत्या, मुलाखतीत तिनं त्या सांगितल्या होत्या, त्यांवर भाळून लोकांनी जॅकेटं नेली होती. "मी तुमच्यावर ट्रस्ट केला," ती म्हणाली.

"आनि त्या दिशी? हालमधी? तवा बी ट्रस्टच व्हता का?"

गोदाबाई त्या दिवशी निघून गेली. दीपालीनं ज्यांनी ज्यांनी जॅकेटं घेतली होती त्यांना कळवलं की टॅगवरच्या गोष्टी खऱ्या नाहीत, हवं तर परत करा. काहींनी केली. काहींनी उलट लिहिलं, असू दे, आम्हाला ती सुईण आवडते. मुंबईच्या एका मोठ्या दुकानानं मात्र पुढचं बोलणं थांबवलं, आणि तो हिवाळा दीपालीला जड गेला. चांदभाईंनी मध्ये दोन महिने एका लग्नमंडपवाल्याचे पडदे छापले.

सुजाता माहेरून परत आली. ती कोणाचं काही ऐकून न घेता एका सकाळी गोदाबाईला शोधत थेट जुन्या बाजारात आली. गोदाबाईला वाटलं, आभार मानायला आली असेल.

"तुम्हाला माहीत होतं," सुजाता म्हणाली. "त्या हॉलमध्ये नणंद माझं नाव घेत होती तेव्हा तुम्हाला माहीत होतं की मी नव्हते. तेवढं तरी म्हणायचं होतं. कोणी दिल्या ते नका सांगू, पण सुजातानं नाही दिल्या, एवढं म्हणायला काय जात होतं?"

हे गोदाबाईला सुचलंच नव्हतं. इतक्या वर्षांत गप्प बसणं म्हणजे सगळंच गप्प बसणं, एवढंच तिला ठाऊक होतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. सुजातानं मान हलवली, ना हो ना नाही, आणि गर्दीत निघून गेली. ती परत कधी भेटली नाही. त्या दिवशी गोदाबाईनं लवकर आवरलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर दीपाली कात्रजला आली, खोलीचा पत्ता चांदभाईंकडून घेऊन. गोदाबाईनं दार अर्धंच उघडलं.

"मला साड्या हव्यात," दीपाली म्हणाली. "गोष्टी नकोत. टॅगवर फक्त जुनी सुती साडी एवढंच लिहीन. ठसे चांदभाईंचे. आणि तुमचं नाव, चालत असेल तर."

"माझं नाव कशाला?"

"कापड तुम्ही आणता म्हणून."

"उद्या कुनी म्हनलं ही माझ्या आयची साडी, तर पोलीस नाव वाचून माझ्याच दारात यायचे."

"मग नको लिहायला."

एवढ्या पटकन ही पोरगी कशी काय मानली, याचं गोदाबाईला नवल वाटलं आणि तिनं दार पूर्ण उघडलं. चहा झाला. मग दीपाली म्हणाली की एक दिवस मला तुमच्याबरोबर फिरायचंय. लोक कापड देताना काय बोलतात ते फक्त ऐकायचंय, लिहायचं नाही. गोदाबाई नाहीच म्हणाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "भांडी उचलायची आसतील तर या."

त्या सकाळी बिबवेवाडीत एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं दीपालीला सलाम केला आणि गोदाबाईला अडवलं. "माझ्याबरोबर आहेत," दीपाली म्हणाली आणि दोघी आत गेल्या. पहिल्या मजल्यावर बेल वाजवल्यावर साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. आतल्या बाईनं दीपालीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"मी फॅशन डिझायनर आहे. जुन्या सुती साड्यांवर आम्ही हातानं ठसे छापतो आणि त्याचे कपडे शिवतो. पाणी वाचतं, कचरा कमी होतो..."

"आणि भांडी विकता?"

"नाही, म्हणजे भांडी मावशींची..."

"आयकार्ड आहे का?" बाईंनी विचारलं. दीपाली पर्स शोधायला लागली. "राहू द्या. परवाच बाजूच्या बिल्डिंगमध्ये अशाच दोघी येऊन गेल्या होत्या." दार बंद झालं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

दीपाली लाल होऊन उभी राहिली. "मी एक शब्द खोटा बोलले नाही."

"न्हाई," गोदाबाई म्हणाली. तिनं गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या मजल्याकडं निघाली. "वरच्या घरी मी सांगते कायबाय. तुमी गप पातेल्याकडं बघत ऱ्हावा."